तिसऱ्या दिवसाचे रक्त

ऑपरेशन नीट पार पडले, गाठ पूर्ण निघाली, असे सर्जन बाहेर येऊन सांगतात तेव्हा नातेवाइकांचा जीव भांड्यात पडतो. सर्जनची काळजी मात्र तेव्हा संपलेली नसते. जठराचा कर्करोग काढताना जठराचा मोठा भाग किंवा सगळे जठरच काढावे लागते आणि अन्न पुढे जाण्यासाठी नवा रस्ता शिवून द्यावा लागतो. ती शिवण धरली की नाही, हे ऑपरेशनच्या दिवशी कुणालाच कळत नाही. पहिले दोन दिवस वेदना, नळ्या आणि सलाईन यांत जातात. तिसऱ्या दिवशी रुग्ण काठीच्या किंवा मुलाच्या आधाराने वॉर्डात फेरी मारतो, चहा कधी मिळेल म्हणून विचारतो. शिवण आतून सुटत असेल, तरी त्या दिवशी चेहऱ्यावर ते दिसेलच असे नाही. ताप, धाप, पोटातली वेगळीच कळ ही लक्षणे पुष्कळदा पाचव्या, सहाव्या, सातव्या दिवशी उघड होतात. तोवर पोटात पू साठलेला असतो.

या मधल्या दोन-तीन दिवसांत रक्त काही सांगू शकते का, हा प्रश्न गेली काही दशके शल्यचिकित्सकांनी चिकाटीने लावून धरला आहे. त्याचे उत्तर होकारार्थी आहे. पण रक्त नेमके कशाबद्दल खात्रीने बोलते आणि कशाबद्दल नुसता संशय व्यक्त करते, हे समजून घेतले नाही, तर त्याच उत्तराने नुकसानही होऊ शकते.

आधी पोटात काय काय बिघडू शकते ते पाहू. जठर पूर्ण काढले, तर अन्ननलिकेचे खालचे टोक लहान आतड्याला जोडतात. आतड्याची ही विशिष्ट मांडणी स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरातले सर्जन सेझार रू यांच्या नावाने ओळखली जाते. अन्ननलिकेला आतड्यासारखे बाहेरचे गुळगुळीत आवरण नसते. त्यामुळे टाके धरायला ती तितकी भक्कम नसते आणि हा जोड नेहमीच थोडा धास्तीचा असतो. दुसरी धोक्याची जागा म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीचे बंद केलेले टोक. पित्त आणि स्वादुपिंडाचा रस याच भागात उतरतो. ते टोक फुटले, तर पाचक रस पोटात मोकळे होतात. तिसरी जागा खुद्द स्वादुपिंड. कर्करोग पसरण्याच्या वाटेवरच्या लसिकाग्रंथी या ग्रंथीला अगदी लगटून असतात. त्या सोलून काढताना स्वादुपिंडाला थोडी जरी इजा झाली, तरी त्याचा रस झिरपू लागतो. याशिवाय न्यूमोनिया आहे, रक्तस्राव आहे, जखमेत पू होणे आहे. वय झालेल्या, वर्षानुवर्षे तंबाखू ओढलेल्या रुग्णात पोट ठणठणीत राहून फुप्फुसेच दगा देतात, असेही होते.

या शस्त्रक्रियेचा इतिहासच धास्तीचा आहे. पॅरिसमध्ये १८७९ साली पेआँ यांनी आणि आजच्या पोलंडमध्ये १८८० साली रिडिगिएर यांनी कर्करोगग्रस्त जठराचा भाग काढला. दोघांचेही रुग्ण वाचले नाहीत. २९ जानेवारी १८८१ रोजी व्हिएन्नात थिओडोर बिलरोथ यांनी ४३ वर्षांच्या एका स्त्रीवर ती शस्त्रक्रिया केली आणि ती स्त्री त्यातून बरी झाली. सुमारे चार महिन्यांनी पसरलेल्या कर्करोगाने तिचा मृत्यू झाला, पण शिवण धरू शकते हे सिद्ध झाले. संपूर्ण जठर काढूनही माणूस जगतो, हे १८९७ साली झुरिकच्या कार्ल श्लाटर यांनी दाखवले.

शंभर वर्षांनंतरही प्रश्न मिटला नव्हता. जपानी सर्जन जठराभोवतीच्या लसिकाग्रंथी दूरवर, पद्धतशीर साफ करत. या पद्धतीला डी-२ म्हणतात. नेदरलँड्समध्ये १९८९ ते १९९३ या काळात तिची कसून परीक्षा झाली. ७११ रुग्णांपैकी काहींवर मर्यादित, तर काहींवर डी-२ शस्त्रक्रिया केली. मर्यादित शस्त्रक्रियेनंतर ४ टक्के रुग्ण दगावले, डी-२ नंतर १० टक्के. गुंतागुंत अनुक्रमे २५ आणि ४३ टक्के रुग्णांत झाली. त्याच्या पुढच्या काही वर्षांत जपानमध्ये २४ रुग्णालयांनी मिळून ५२३ रुग्णांवर डी-२ आणि त्याहूनही मोठी शस्त्रक्रिया करून पाहिली. तिथे दोन्ही गटांत मृत्यूचे प्रमाण ०.८ टक्के निघाले. गुंतागुंत तिथेही दर चार-पाच रुग्णांमागे एकात होतच होती, पण रुग्ण त्यातून वाचत होते. हा फरक फक्त हाताच्या कौशल्याचा नव्हता. डच सर्जनांना या पद्धतीची सवय कमी होती आणि तिथे अनेक रुग्णांची प्लीहा व स्वादुपिंडाचे शेपूटही काढले जात होते, हे खरे. तरीही जपानी आकड्यांमध्ये आणखी एक गोष्ट दडलेली आहे, ती म्हणजे बिघाड वेळेवर ओळखणे.

ती गोष्ट आकड्यांत पकडली अमेरिकेतल्या एका अभ्यासाने. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात वेगवेगळ्या मोठ्या शस्त्रक्रिया झालेल्या ८४ हजारांहून अधिक रुग्णांची माहिती होती. सर्वांत कमी मृत्यू होणारी रुग्णालये आणि सर्वांत जास्त मृत्यू होणारी रुग्णालये यांची तुलना केली, तर गुंतागुंतीचे प्रमाण जवळजवळ सारखेच निघाले: २४.६ आणि २६.९ टक्के. मृत्यू मात्र ३.५ आणि ६.९ टक्के. चांगल्या रुग्णालयात कमी बिघडत होते असे नाही. बिघडलेले तिथे सावरले जात होते, आणि त्यासाठी ते लवकर लक्षात यावे लागते. माझ्या मते, शस्त्रक्रियेनंतरच्या रक्तचाचण्यांचे खरे मोल कळायला हा एकच अभ्यास पुरे आहे. चाचणीने टाका घट्ट होत नाही. ती वेळ मिळवून देते. आणि पोटात गळती होत असलेल्या माणसासाठी एक दिवस ही फार मोठी वेळ असते.

आता रक्ताकडे वळू. या कामात सर्वांत जास्त वापरले जाणारे द्रव्य म्हणजे सी-रिअॅक्टिव्ह प्रोटीन, आपल्याकडच्या लॅबच्या भाषेत सीआरपी. त्याचा शोध कर्करोगाच्या किंवा शस्त्रक्रियेच्या संदर्भात लागलाच नाही. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत ऑस्वाल्ड एव्हरी यांच्या प्रयोगशाळेत न्यूमोनियाच्या जंतूंवर काम चालू होते. १९३० साली तिथल्या विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस यांना दिसले की, न्यूमोनियाने आजारी असलेल्या माणसाच्या रक्तद्रवात या जंतूतला ‘सी’ नावाचा एक घटक मिसळला की साका तयार होतो. रुग्ण बरा झाला की त्याचे रक्त असे वागणे थांबवते. प्रतिजैविके अजून यायची होती, त्या काळातले हे निरीक्षण. याच एव्हरींनी पुढे १९४४ साली आनुवंशिकतेचे द्रव्य डीएनए असल्याचा पुरावा दिला. एकाच प्रयोगशाळेतून विज्ञानाला आणि वॉर्डातल्या रोजच्या राउंडला इतके मोठे देणे क्वचितच मिळाले असेल.

सीआरपी यकृतात तयार होते. शरीरात कुठेही ऊतींना इजा झाली किंवा जंतू शिरले, की तिथल्या पेशी इंटरल्युकिन-६ नावाचा रासायनिक निरोप सोडतात. या द्रव्याचे जनुक १९८६ साली ओसाका विद्यापीठात तादामित्सू किशिमोतो आणि तोशिओ हिरानो यांच्या गटाने वेगळे केले. हा निरोप पोचला की यकृत सीआरपी बनवू लागते. चार ते सहा तासांत रक्तातली पातळी चढायला लागते आणि दोन दिवसांच्या आसपास शिखराला पोचते. निरोगी माणसात लिटरमागे पाच मिलिग्रॅमपेक्षाही कमी असलेले हे प्रथिन मोठ्या शस्त्रक्रियेनंतर शंभराच्या पुढे सहज जाते.

सीआरपीचा एक गुण या कामासाठी फार उपयोगी आहे. रक्तातले सीआरपी साधारण १९ तासांत निम्मे होते, आणि हा वेग माणूस आजारी असो वा निरोगी, बदलत नाही. घराच्या टाकीतून पाणी जाण्याचा वेग ठरलेला असेल, तर पातळी पाहून वरचा नळ किती सोडला आहे ते कळते, तसेच हे आहे. यकृताला निरोप येणे थांबले, तर तिसऱ्या दिवशी १५० असलेला आकडा पाचव्या दिवशी तिसाच्या खाली यायला हवा. प्रत्यक्षात निरोप असा एकदम थांबत नाही, हळूहळू क्षीण होतो, म्हणून उतार मंद असतो. पण उतार हवाच. तिसऱ्या दिवसानंतर आकडा तिथेच अडून बसला किंवा पुन्हा चढू लागला, तर याचा अर्थ कुठून तरी नवा निरोप येतो आहे.

यावरून तिसऱ्या दिवसाचे महत्त्व लक्षात येईल. पहिल्या-दुसऱ्या दिवशी सगळ्यांचेच सीआरपी चढलेले असते, कारण चाकूची इजा सगळ्यांनाच झालेली असते. त्या गर्दीत जंतूंचा आवाज वेगळा ऐकू येत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी शस्त्रक्रियेची लाट ओसरू लागते आणि ज्याच्या पोटात काही शिजते आहे तो वेगळा दिसू लागतो. जठराच्या शस्त्रक्रियांवरच्या बऱ्याच अभ्यासांत, विशेषतः जपानी अभ्यासांत, तिसऱ्या दिवसाची धोक्याची रेषा लिटरमागे साधारण १५० ते २०० मिलिग्रॅमच्या दरम्यान कुठेतरी येते. मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रियांसाठी २०१४ साली सात अभ्यासांतल्या २,४८३ रुग्णांची माहिती एकत्र करण्यात आली. जोड गळण्याच्या अंदाजासाठी तिथे तिसऱ्या दिवशी १७२, चौथ्या दिवशी १२४ आणि पाचव्या दिवशी १४४ या रेषा निघाल्या.

याच एकत्रित अभ्यासातले दोन आकडे मला त्या रेषांपेक्षा महत्त्वाचे वाटतात. रेषेच्या खाली असलेल्या रुग्णांपैकी ९७ टक्क्यांचा जोड खरोखर शाबूत होता. रेषेच्या वर असलेल्यांपैकी जोड गळलेले मात्र होते फक्त २१ ते २३ टक्के. वर गेलेल्या दर पाच रुग्णांपैकी जवळपास चौघांचा जोड गळलेला नव्हता!

हे असे का होते, ते एका साध्या हिशेबाने समजते. समजा १०० जणांचे जठर काढले आणि त्यांपैकी २० जणांना काही ना काही गुंतागुंत होणार आहे. समजा सीआरपीची रेषा अशी आखली आहे की गुंतागुंत होणाऱ्या १० जणांपैकी ८ जण तिच्या वर जातात आणि न होणाऱ्या ४ जणांपैकी ३ जण खाली राहतात. म्हणजे २० पैकी १६ जण पकडले जातील, ४ निसटतील. उरलेल्या ८० पैकी ६० जण खाली राहतील आणि २० जण विनाकारण वर जातील. एकूण ३६ जणांचा आकडा वर, त्यांत खरे आजारी १६. म्हणजे निम्म्याहून कमी. खाली राहिलेले ६४, त्यांत चुकलेले फक्त ४. आता हीच चाचणी, हीच रेषा, पण प्रश्न फक्त जोड गळण्याचा, आणि तो १०० पैकी ५ जणांतच होणार आहे, असे धरा. वर जातील सुमारे २८ जण आणि त्यांत गळती असेल अवघ्या ४ जणांत. खाली राहतील ७२, त्यांत चुकेल एक. चाचणी बदललेली नाही. आपण शोधतो आहोत ती गोष्ट दुर्मीळ झाली, एवढ्यानेच ‘धोका आहे’ या उत्तराचे वजन घटले आणि ‘धोका नाही’ या उत्तराचे वाढले.

म्हणून सीआरपीचा आकडा वाचताना कमी आकड्यावर जास्त विश्वास ठेवावा. तिसऱ्या दिवशी तो खाली आहे, चौथ्या दिवशी आणखी उतरला आहे, रुग्णाची नाडी शांत आहे, पोट मऊ आहे. अशा रुग्णाला पाणी, मग पेज सुरू करायला, नळ्या काढायला आणि घरी पाठवण्याचा विचार करायला चांगला आधार मिळतो. जास्त आकडा म्हणजे निदान नव्हे. ती पुन्हा जाऊन रुग्णाकडे नीट पाहण्याची सूचना आहे. नाडीचा वेग, श्वासाचा वेग, पोटाला हात लावून तपासणी, ड्रेनमधून, म्हणजे पोटात ठेवलेल्या नळीतून, येणाऱ्या द्रवाचा रंग, छातीचा एक्स-रे आणि गरज वाटली तर सीटी स्कॅन. ड्रेनचा उल्लेख आला म्हणून सांगतो: त्या द्रवातले अॅमिलेज (स्वादुपिंडाच्या रसातले पाचक द्रव्य) पहिल्या दिवशी मोजले, तर स्वादुपिंडाच्या गळतीचा माग रक्तापेक्षा सरळ लागतो. जपानमध्ये ही पद्धत बरीच रूढ आहे. सीआरपी कुठे बिघडले ते सांगत नाही. पोट, फुप्फुस, मूत्रमार्ग, सलाईनची शीर, सगळ्यांसाठी त्याची भाषा एकच आहे.

या कामात वापरले जाणारे दुसरे द्रव्य म्हणजे प्रोकॅल्सिटोनिन. त्याची कहाणीही अशीच आडवळणाची आहे. थायरॉइड ग्रंथीत तयार होणाऱ्या कॅल्सिटोनिन या संप्रेरकाचे हे ११६ अमिनो आम्लांचे कच्चे रूप. १९९३ साली फ्रेंच संशोधकांनी दाखवले की गंभीर जंतुसंसर्गात ते रक्तात प्रचंड वाढते. तेव्हा ते फक्त थायरॉइडमधून येत नाही, शरीरातल्या अनेक अवयवांतून येते. जिवाणूंच्या संसर्गात ते चढते, विषाणूंच्या संसर्गात फारसे चढत नाही, आणि निव्वळ शस्त्रक्रियेच्या इजेने सीआरपीइतके उसळत नाही. साधारण दिवसभरात निम्मे होते. हे सगळे ऐकून ते सीआरपीपेक्षा सरस ठरावे असे वाटते. पोटाच्या शस्त्रक्रियांवरच्या अभ्यासांत मात्र दोघांत फार मोठे अंतर दिसत नाही. ‘धोका नाही’ सांगण्यात दोघेही चांगले, ‘धोका आहे’ सांगण्यात दोघेही कच्चे. आपल्याकडे प्रोकॅल्सिटोनिनला सीआरपीच्या कित्येक पट पैसे पडतात. सीआरपी काही शे रुपयांत, तालुक्याच्या लॅबमध्येही, तासाभरात होते. संशय आहे पण चित्र स्पष्ट नाही, किंवा प्रतिजैविके चालू ठेवायची की बंद करायची हे ठरवायचे आहे, अशा वेळी प्रोकॅल्सिटोनिन करावे. रोजच्या पाहणीला सीआरपी पुरते, असे माझे स्पष्ट मत आहे. पांढऱ्या पेशींची मोजणी सगळीकडे होते आणि ती करावीच, पण एकटी ती या कामाला अपुरी आहे. गळती असूनही पेशी नेहमीइतक्याच असू शकतात.

अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनाबद्दल थोडे सविस्तर बोलायला हवे, कारण त्याबद्दलचा गैरसमज सर्वांत खोल रुजलेला आहे. अल्ब्युमिन कमी म्हणजे खाणे कमी, प्रथिने कमी, असे आपण धरून चालतो. जठराच्या कर्करोगात ते अंशतः खरेही आहे. महिनोन्महिने भूक मेलेली, थोडे खाल्ले तरी पोट भरलेले, वजन उतरलेले. अशा अवस्थेतच रुग्ण येतो. पण अल्ब्युमिनचे रक्तातले अर्धे आयुष्य जवळजवळ तीन आठवड्यांचे असते. मग शस्त्रक्रियेनंतर पहिल्याच दिवशी ते डेसिलिटरमागे ४ ग्रॅमवरून ३ किंवा २.८ वर येते, ते कसे? एका रात्रीत उपासमारीने ते इतके उतरणे शक्य नाही. दाह सुरू झाला की बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल होतात आणि अल्ब्युमिन रक्तातून बाहेर, ऊतींमध्ये पसरते. सलाईनने उरलेले पातळ होते. म्हणजे पहिल्या दिवसाची ही घसरण म्हणजे शरीराला किती मोठा धक्का बसला याचे माप आहे. लोझानच्या सर्जनांनी या कल्पनेचा पाठपुरावा केला आणि लिटरमागे १० ग्रॅम किंवा त्याहून जास्त घसरण झालेल्या रुग्णांत गुंतागुंत अधिक दिसली. सीआरपीची वाट तिसऱ्या दिवसापर्यंत पाहावी लागते, ही खूण पहिल्याच दिवशी मिळते. आणि म्हणूनच, आकडा कमी आला म्हणून अल्ब्युमिनच्या महागड्या बाटल्या लावण्याने रिपोर्ट सुधारतो, मूळ दाह तसाच राहतो. या बाटल्यांसाठी कर्ज काढणारी कुटुंबे आपल्याकडे आहेत, म्हणून हे ठासून सांगणे मला आवश्यक वाटते.

शस्त्रक्रियेआधीचे रक्तही बोलते. १९८४ साली जपानच्या ओनोदेरा यांनी एक सोपा निर्देशांक मांडला. अल्ब्युमिनला (डेसिलिटरमागे ग्रॅममध्ये) १० ने गुणायचे आणि रक्ताच्या एका घन मिलिमीटरमधल्या लिंफोसाइट पेशींच्या संख्येला ०.००५ ने, मग दोन्हींची बेरीज करायची. ३.२ अल्ब्युमिन आणि १,४०० लिंफोसाइट असतील, तर ३२ अधिक ७, म्हणजे ३९. ओनोदेरा यांच्या मते ४५ च्या वर शस्त्रक्रिया करायला हरकत नाही आणि ४० च्या खाली आतडे कापून जोडणे टाळावे. आज इतके कडक बंधन कुणी पाळत नाही, पण दोन साध्या चाचण्यांतून मिळणारा हा आकडा अजून वापरात आहे. न्यूट्रोफिल आणि लिंफोसाइट यांचे गुणोत्तर, सीआरपी आणि अल्ब्युमिन यांवर आधारलेला ग्लासगोचा गुणांक, असे त्याचे भाऊबंदही पुष्कळ आहेत. त्यांतला कोणता श्रेष्ठ यावर ढीगभर निबंध छापले जातात. त्या चर्चेत मला फारसा रस वाटत नाही, कारण हे सगळे निर्देशांक फिरून एकच गोष्ट सांगतात: या माणसाचे शरीर आधीच थकलेले आणि दाहाने पोखरलेले आहे. रुग्णाच्या दृष्टीने महत्त्वाचे ते यानंतरचे. गाठीतून रक्त झिरपून पंडुरोग झाला असेल, तर तो दुरुस्त करता येतो. तोंडाने जात नसेल, तर नळीने अन्न देता येते. तंबाखू सोडता येते, श्वासाचे व्यायाम करता येतात, मधुमेह आटोक्यात आणता येतो. आता बऱ्याच रुग्णांना शस्त्रक्रियेआधी केमोथेरपी दिली जाते. ते आठवडे या तयारीसाठी वापरता येतात.

केमोथेरपीचा विषय निघालाच आहे, तर गुंतागुंतीची दुसरी किंमतही सांगायला हवी. जर्मनीत ७१६ रुग्णांवर झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत फ्लॉट या औषधयोजनेने जगण्याचा मध्यकाळ ३५ महिन्यांवरून ५० महिन्यांवर नेला. या योजनेत चार मात्रा शस्त्रक्रियेआधी आणि चार नंतर असतात. ठरवलेल्या सर्व मात्रा पूर्ण करू शकलेले रुग्ण निम्म्याहून कमी होते. एवढी मोठी शस्त्रक्रिया झालेल्या शरीराला पुढचे उपचार झेपणे मुळातच अवघड. त्यात महिनाभर पोटातल्या पुवाशी झुंजावे लागले, तर ते उपचार लांबतात किंवा राहूनच जातात. चौथ्या दिवशी ओळखलेली गळती ड्रेन आणि प्रतिजैविकांवर आटोक्यात येण्याची शक्यता असते. आठव्या दिवशी ओळखलेली गळती रुग्णाला आयसीयूत नेते आणि त्याचा हिशेब कर्करोगाच्या उपचारातही चुकवावा लागतो.

आता या चाचण्यांच्या मर्यादा, कारण त्या न सांगता हे प्रकरण लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. रेषा ठरवणारे बहुतेक अभ्यास एकेका रुग्णालयातले, जुन्या नोंदी उलगडून केलेले आहेत. ज्या रुग्णांवरून रेषा ठरवली, त्यांच्यावरच ती तपासली, तर ती चांगलीच दिसणार. दुसऱ्या गावच्या रुग्णांवर ती तितकी खरी उतरत नाही. दुर्बिणीतून केलेल्या शस्त्रक्रियेत इजा कमी, म्हणून सीआरपी मुळातच कमी चढते. पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेची रेषा तिथे लावली, तर खरा धोका नजरेतून सुटेल. स्थूल माणसात आकडा जास्त येतो. यकृत खराब असेल, तर ते सीआरपी पुरेसे बनवूच शकत नाही. उलटी थांबवण्यासाठी भूल देताना डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड अनेकदा देतात. त्यानेही आकडा दबतो. संधिवातासाठी इंटरल्युकिन-६ चा निरोप अडवणारे टोसिलिझुमॅब घेणाऱ्या रुग्णात तर पोटात पू असूनही सीआरपी जवळजवळ शांत राहू शकते. आणखी एक गोष्ट अगदी किरकोळ वाटेल, पण घोटाळा मोठा करते: जपानी निबंधांत सीआरपी बहुधा डेसिलिटरमागे दिलेले असते, आपल्या बहुतेक लॅब लिटरमागे देतात. जपानचा १७ म्हणजे आपला १७०.

जपान आणि कोरियात जठराचा कर्करोग इतका आढळतो, की एकेका मोठ्या रुग्णालयात वर्षाला शेकडो अशा शस्त्रक्रिया होतात. जगभरात २०२२ साली सुमारे ९ लाख ६८ हजार नवे रुग्ण नोंदले गेले, त्यांत पूर्व आशियाचा वाटा सर्वांत मोठा. भारतात मिझोराममध्ये प्रमाण सर्वाधिक आहे आणि दक्षिणेत ते बऱ्यापैकी आहे. महाराष्ट्रात त्या मानाने कमी. मुंबईच्या टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी डी-२ शस्त्रक्रियेचे निकाल जपानच्या जवळ जाणारे आहेत. पण प्रमाण कमी असण्याचा एक तोटाही आहे. लहान शहरातल्या सर्जनच्या वाट्याला वर्षाकाठी अशा थोड्याच शस्त्रक्रिया येतात आणि रात्रपाळीच्या डॉक्टरने जठर काढलेला रुग्ण याआधी पाहिलेलाच नसतो. तिसऱ्या दिवशी ‘काहीतरी वेगळे वाटते आहे’ ही अनुभवी नजर तिथे नसते. अशा ठिकाणी तिसऱ्या आणि पाचव्या दिवशी सीआरपी मोजण्याचा साधा नियम मोठ्या संस्थेपेक्षा जास्त उपयोगी पडेल. त्यासाठी नवे यंत्र नको, परदेशी किट नको.

तुमच्या घरातल्या कुणाची अशी शस्त्रक्रिया झाली, तर डॉक्टरांना हे जरूर विचारा: तिसऱ्या दिवशी सीआरपी किती होते, त्यानंतर उतरले का, आणि घरी सोडताना शेवटचा आकडा काय आहे. तो कागद डिस्चार्ज कार्डाला जोडून ठेवा. घरी गेल्यावर ताप आला, नाडी जलद वाटली, धाप लागली, पोट किंवा डावा खांदा दुखू लागला किंवा माणूस उगाच मलूल झाला, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. तोच कागद घेऊन त्याच रात्री, शस्त्रक्रिया झाली त्याच रुग्णालयात जा.